गोळी बंद करू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसले. हातापायांवर काळेनिळे डाग उठतायत, दाढी करताना जरासं कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही, म्हणून स्टेंटनंतर सुरू झालेल्या, गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक बंद करून बघावी असं तुझ्या मनात आलंय. कृपा करून तसं करू नकोस. स्टेंट ही तुझ्या हृदयाच्या धमनीत बसवलेली धातूची जाळी आहे. तिच्यावर शरीर हळूहळू स्वतःचं अस्तर चढवतं, पण ते पुरतं चढेपर्यंत रक्ताच्या लेखी ती परकी वस्तूच असते. परकी वस्तू दिसली की प्लेटलेट्स तिथे चिकटायला धावतात. ठरलेल्या मुदतीआधी गोळ्या सोडणं हे स्टेंटमध्ये अचानक गुठळी होण्याचं एक मोठं कारण आहे. आणि तशी गुठळी झाली तर धमनी पूर्ण बंद होते, काही मिनिटांत.

डागांबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोल. गोळी बदलता येते, मात्रा तपासता येते, दोन गोळ्या किती महिने चालू ठेवायच्या हे रक्तस्रावाचा धोका पाहून कमीजास्त करता येतं. पण तो निर्णय तुझा रिपोर्ट समोर असलेल्या माणसाने घ्यायचा. शौचाला काळंकुट्ट झालं, उलटीत रक्त दिसलं, किंवा कधी नव्हे इतकं डोकं अचानक दुखायला लागलं, तर मात्र कुणाची वाट न बघता इस्पितळ गाठ. आणखी एक: गुडघेदुखीसाठी तू अधूनमधून आयबुप्रोफेन घेतोस ना, तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. तुझ्या दोन गोळ्यांतली ॲस्पिरिन प्लेटलेटमध्ये जिथे जाऊन बसते, तिथली वाट आयबुप्रोफेन अडवू शकते.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तू लिहिलंयस, ‘इतकी वर्षं तू याच विषयात आहेस, मग गुठळीही होऊ नये आणि रक्तही वाहू नये अशी गोळी तुम्हा लोकांना का करता आली नाही?’ तू सहज विचारलंस, पण माझं सगळं काम याच एका प्रश्नाभोवती फिरत आलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिक्षण संपवून मी पहिल्यांदा लागले ती एका इस्पितळाच्या कोॲग्युलेशन लॅबमध्ये, म्हणजे रक्त कसं गोठतं ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. निळ्या टोपणाच्या नळ्या यायच्या. त्यांत आधीच सायट्रेट असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त नळीत गोठत नाही. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. नळी अर्धवट भरलेली आली की परत पाठवायची, कारण प्रमाण बिघडलं की निकाल खोटा येतो. त्या रॅकमध्ये शेजारी शेजारी दोन नळ्या हमखास असायच्या. एक हिमोफिलियाच्या मुलाची: फॅक्टर 8, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी एक, एक टक्क्याहून कमी, गुडघ्याच्या सांध्यात रक्त साचून पाय सरळ होत नाही. दुसरी पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या बाईची, जिची गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाईल. एकाचं रक्त गोठत नाही म्हणून धोका, दुसरीचं नको तिथे गोठलंय म्हणून. आणि दोन्हीकडे यंत्रणा तीच, तेच फॅक्टर, तीच थ्रॉम्बिन, तेच फायब्रिनचं जाळं. त्या मुलाला जे द्यायचं तेच त्या बाईला घातक, आणि उलटही. मला तेव्हापासून हे स्वस्थ बसू देत नाही.

तपासण्या तेव्हा हाताने करायचो. 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये काचेची नळी, तिच्यात प्लाझ्मा, वरून गोठणं सुरू करून देणारं थ्रॉम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम, आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू. नळी दिव्यासमोर धरून हलकेच तिरकी करत राहायचं. आठ, नऊ, दहा सेकंद प्लाझ्मा इकडून तिकडे मुकाट वाहतो. मग बाराव्या सेकंदाच्या आसपास एक धूसर तंतू दिसतो, आणि तो नीट दिसला म्हणेपर्यंत सगळं जागच्या जागी थिजतं. नळी उलटी केली तरी थेंब खाली येत नाही. आर्मंड क्विक यांनी 1935 साली मांडलेली ही तपासणी आज यंत्र करतं, पण मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी हाताने करायला लावते. तो थिजण्याचा क्षण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचं शिकण्यात अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे.

पुस्तकात आम्ही शिकलो होतो तो धबधबा. एक फॅक्टर दुसऱ्याला जागं करतो, दुसरा तिसऱ्याला, शेवटी थ्रॉम्बिन तयार होते आणि फायब्रिनोजेनचं फायब्रिन करते. 1964 साली मॅकफार्लेन यांनी आणि डेव्ही व रॅटनॉफ या जोडीने हे चित्र वेगवेगळं, पण एकाच वर्षी मांडलं. सुंदर चित्र आहे, आणि तपासण्यांसाठी अजून उपयोगी पडतं. पण याच रॅटनॉफ यांनी आधी एक रुग्ण पाहिला होता, रेल्वेत काम करणारा जॉन हेजमन. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत त्याचं रक्त काचेच्या नळीत गोठेचना. पण माणसाला रक्तस्रावाचा त्रास कधीच नव्हता! त्याच्यात जो फॅक्टर नव्हता त्याला आपण आज फॅक्टर 12 म्हणतो. 1955 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. पुढे 1968 साली अपघातात हेजमनचं कंबरेचं हाड मोडलं आणि तो गेला तो फुप्फुसात गुठळी अडकून. नळीत ज्याचं रक्त गोठत नव्हतं तो माणूस गुठळीने गेला.

हे वाचलं तेव्हा मी बराच काळ दुसरं काही वाचू शकले नाही. रुडॉल्फ विर्को यांच्या 1856 सालच्या लिखाणापासून गुठळीची तीन कारणं सांगितली जातात: रक्ताच्या प्रवाहातला बदल, रक्तवाहिनीच्या भिंतीतला बदल आणि खुद्द रक्तातला बदल. आमच्या नळीत यांपैकी फक्त रक्त होतं. प्रवाह नाही, भिंत नाही. मग नळी जे सांगते ते शरीराबद्दल कितपत खरं? पीएचडीला जायचं मी त्या वेळी ठरवलं.

पीएचडीचा विषय प्लेटलेट्स. दोन-तीन मायक्रॉनच्या चकत्या, केंद्रक नसलेल्या, सात ते दहा दिवस जगणाऱ्या. अस्थिमज्जा रोज साधारण 100 अब्ज नव्या करते. रक्त हलक्या वेगाने फिरवलं की लाल पेशी तळाला जातात आणि वर पिवळसर, गढूळ प्लाझ्मा राहतो. तो गढूळपणा म्हणजेच प्लेटलेट्स. नळी उजेडात धरून हळूच फिरवली तर आत चमचमत्या लाटा उठताना दिसतात. चपट्या चकत्या प्रवाहात वळताना उजेड पकडतात म्हणून. लाटा दिसल्या नाहीत तर नमुना वाया गेला असं समजायचं, चकत्या आधीच गोल झाल्यात. गुस्ताव बॉर्न यांनी 1962 साली या गढूळपणाचाच उपयोग करून घेतला. नळीच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारं यंत्र. त्यात एडीपीचा, म्हणजे प्लेटलेट्सना जागं करणाऱ्या रसायनाचा, एक थेंब टाकायचा. रेघ आधी किंचित उलट्या दिशेला जाते, कारण प्लेटलेट्स आकार बदलतात. मग त्या एकमेकींना धरू लागतात, गढूळपणा निवळतो, प्रकाश आरपार जातो आणि रेघ झपाट्याने पलीकडे सरकते. नुसत्या डोळ्यांनाही बारीक पांढरे कण तरंगताना दिसतात. मी हे रोज पाहिलं आणि मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

तुझ्या दोन गोळ्या नेमकं इथे काम करतात. ॲस्पिरिन प्लेटलेटमधल्या सायक्लोऑक्सिजनेज या एन्झाइमला कायमचं बाद करते, मग थ्रॉम्बॉक्सेन तयार होत नाही, म्हणजे शेजारच्या प्लेटलेट्सना हाक जात नाही. जॉन व्हेन यांनी 1971 साली ॲस्पिरिनचं मूळ काम दाखवलं, 1982 साली त्यांना नोबेल मिळालं. क्लोपिडोग्रेल एडीपीची हाक ऐकणारा रिसेप्टर बंद करते. केंद्रक नसल्यामुळे प्लेटलेट नवं एन्झाइम बनवू शकत नाही. ती तशीच जगते आणि मरते. म्हणून गोळीचा असर औषध रक्तातून गेल्यावरही दिवसचे दिवस राहतो. तुझ्या त्वचेखाली बारीक केशवाहिन्या रोजच्या धक्क्यांनी फुटत असतात, तुझ्याही आणि माझ्याही. माझ्या प्लेटलेट्स त्या लगेच बुजवतात. तुझ्यांना वेळ लागतो, तेवढ्यात थोडं रक्त बाहेर येतं आणि डाग दिसतो. म्हणजे स्टेंट ज्यामुळे उघडा राहतोय त्यामुळेच डाग उठतायत.

(तुला सापांचं वेड आहे म्हणून सांगते. फुरशाच्या विषातलं एक प्रथिन प्लेटलेट्सना एकमेकींना धरू देत नाही. त्याची रचना समोर ठेवून टिरोफिबन हे औषध बनवलं गेलं, जे अँजिओप्लास्टीच्या वेळी शिरेतून देतात. आणि घोणसीचं विष फॅक्टर 10 ला थेट जागं करतं. मॅकफार्लेन यांनी 1934 साली ते हिमोफिलियातला रक्तस्राव थांबवायला वापरून पाहिलं होतं. पातळ केलेलं घोणसीचं विष आजही आमच्या लॅबमध्ये तपासणीसाठी असतं.)

तुला आश्चर्य वाटेल, पण हार्ट अटॅकचं कारण गुठळी आहे की गुठळी हा अटॅकचा परिणाम, यावर विसाव्या शतकात दशकानुदशकं वाद होता. शवविच्छेदनात कधी गुठळी सापडायची, कधी नाही. 1980 साली डीवुड आणि सहकाऱ्यांनी अटॅक आलेल्या माणसांची तातडीने अँजिओग्राफी केली, आणि पहिल्या चार तासांत पाहिलेल्या 126 पैकी 110 जणांची धमनी पूर्ण बंद आढळली. उशिरा पाहिलेल्यांत हे प्रमाण कमी होतं, कारण काही गुठळ्या आपोआप विरघळतात. वाद तिथे मिटला. मग 1988 साली आयसिस-2 ही चाचणी आली: 17,187 रुग्ण, ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू दोन्ही औषधं न मिळालेल्यांत 13.2 टक्के, दोन्ही मिळालेल्यांत 8.0 टक्के. ॲस्पिरिनसारख्या साध्या गोळीने किती माणसं वाचली याचा विचार कर.

त्या शोधनिबंधातली एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. संशोधकांनी रुग्णांची जन्मराशीनुसार विभागणी करून दाखवली, तर मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिनने फायदा होत नाही, उलट किंचित तोटा, असं निघालं! बाकीच्यांना भरघोस फायदा. राशीचा अर्थातच काही संबंध नाही; एवढे तुकडे पाडत गेलं की कुठला तरी तुकडा योगायोगाने उलटा निघतोच, हे त्यांना दाखवायचं होतं. ‘आमच्या औषधाचा अमुक गटाला विशेष फायदा’ असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मला मिथुन आणि तूळ आठवतात.

स्वतःची लॅब मिळाल्यावर मी नळी सोडली आणि प्रवाहाकडे वळले. केसाएवढ्या रुंदीची एक वाहिनी, तिच्या तळाला रक्तवाहिनीच्या भिंतीत असतं त्या कोलॅजेनचा थर, म्हणजे जणू फाटलेली भिंत. तिच्यातून ताजं रक्त धमनीच्या वेगाने सोडायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. प्लेटलेट्सना चमकणारा रंग दिलेला असतो. पहिल्या काही सेकंदांत एकेक ठिपका येतो, अडखळतो, घरंगळतो, थोडा पुढे जाऊन थांबतो. त्याच्यावर दुसरा. ढीग वाढतो, प्रवाहाच्या दिशेने लांबट होतो, त्याचा तुकडा तुटून वाहून जातो, पुन्हा वाढतो. आणि वाहिनी जिथे अरुंद केलेली असते तिथे गंमत बघ: प्रवाहाचा ताण वाढला तर चिकटणं कमी व्हायला हवं, पण ते वाढतं. कारण व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचा लांबलचक रेणू गुंडाळलेल्या दोऱ्यासारखा असतो. ताणाखाली तो उलगडतो आणि त्याच्या प्लेटलेट पकडणाऱ्या जागा उघड्या पडतात. शरीराच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे, कारण फुटलेल्या धमनीत वेगाच्या रक्तातच तर बूच बसवायचं असतं. पण कोलेस्टेरॉलच्या थराने अरुंद झालेल्या धमनीत तो थर फाटला, की हाच शहाणपणा माणसाच्या जिवावर उठतो.

धमनीतली गुठळी त्यामुळे पांढुरकी, प्लेटलेट्सनी गच्च भरलेली. शिरेत किंवा हृदयाच्या नीट न आकुंचन पावणाऱ्या कप्प्यात रक्त संथ असतं, तिथली गुठळी लाल, फायब्रिन आणि लाल पेशींची. तुला प्लेटलेट्सवरच्या गोळ्या आणि तुझ्या थोरल्या बहिणीला तिच्या अनियमित ठोक्यांसाठी वेगळीच गोळी का, हेही तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर हे.

उंदरांवरच्या प्रयोगांबद्दल मात्र माझं मत कडक होत गेलंय. फेरिक क्लोराइड लावून उंदराच्या मानेतली धमनी जखमी करायची आणि ती किती मिनिटांत बंद होते ते मोजायचं, हा सर्रास वापरला जाणारा प्रयोग. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशेच्या वर ठोके देतं, त्याच्या प्लेटलेट्स आपल्यापेक्षा कितीतरी अधिक आणि लहान, आणि त्याच्या धमनीतला थर माणसासारखा आपोआप फाटत नाही. तिथे चाललेली औषधं माणसात पडली की लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. मीही ते प्रयोग केले, त्यांतून शिकले, पण त्यावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढायला मी विद्यार्थ्यांना बंदी घातली.

मधल्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही. निधीसाठी अर्ज, नकार, पुन्हा अर्ज. एका समितीने ‘आता कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन आहेत, स्टेंट आहेत, गुठळीत शोधण्यासारखं काय उरलंय?’ असं विचारलं होतं. मी त्यांना त्या दोन नळ्यांबद्दल सांगितलं. पैसे मिळाले नाहीत.

आता तुझ्या प्रश्नाचा गाभा. गुठळी रोखणारी आणि रक्तस्राव न करणारी गोळी होऊ शकते का? आशा वाटण्याचं कारण फॅक्टर 11. जन्मतः ज्यांच्यात तो नसतो त्यांना हिमोफिलियासारखा सांध्यांत रक्तस्राव होत नाही. त्रास झालाच तर दात काढल्यावर, टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर. आणि अशा लोकांमध्ये शिरांतल्या गुठळ्या आणि मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडून होणारा पक्षाघात कमी दिसतो. हार्ट अटॅक मात्र कमी दिसत नाही, हे लक्षात ठेव. म्हणजे जखम बुजवायला शरीराला हा फॅक्टर फारसा लागत नाही, पण काही गुठळ्या वाढवायला लागतो. फट लहान आहे, पण आहे. या फटीवर जगभर औषधं बनतायत. त्यांतलं असंडेक्सियन हे औषध अनियमित ठोके असलेल्या 14,000 हून अधिक रुग्णांत ॲपिक्साबॅन या आधीपासून वापरात असलेल्या गोळीशी ताडून पाहिलं. 2023 साली चाचणी मध्येच थांबवावी लागली. रक्तस्राव खरोखरच कमी होता, पण पक्षाघात जास्त झाले. काही जण म्हणाले, विषय संपला. मला तसं वाटत नाही. मात्रा अपुरी पडली असेल, किंवा हृदयाच्या कप्प्यातल्या गुठळीला हा फॅक्टर मुळी तितका लागतच नसेल. सगळ्या गुठळ्या एकसारख्या नसतात, एवढं तरी आम्हाला आता पक्कं कळलंय.

उलट्या बाजूलाही तीच तारेवरची कसरत आहे. हिमोफिलियाच्या मुलांसाठी 2017 साली एमिसिझुमॅब आलं: त्वचेखाली इंजेक्शन, फॅक्टर 8 चं काम करणारी अँटिबॉडी. सांधे वाचलेली, पळणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्या आनंदाला तोड नाही. पण त्याच चाचण्यांत हे औषध आणि रक्त गोठवणारं दुसरं औषध मोठ्या मात्रेत एकत्र दिलं गेलं तेव्हा काही रुग्णांत गुठळ्या झाल्या. म्हणून मी तुझ्या प्रश्नाला ‘होईल’ असं उत्तर देते, पण एक गोळी सर्वांना, असं होणार नाही. कुणाची गुठळी कुठे, कोणत्या प्रवाहात, कोणत्या भिंतीवर, हे पाहून औषध निवडावं लागेल. माझी राहिलेली वर्षं त्यासाठीच आहेत.

सध्या माझी एक विद्यार्थिनी हेच करतेय. फॅक्टर 11 नसलेल्या एका बाईंनी रक्त द्यायला आनंदाने होकार दिलाय. पुढच्या आठवड्यात ते रक्त आमच्या वाहिनीतून तीन वेगवेगळ्या वेगांनी सोडायचं ठरलंय: शिरेच्या, निरोगी धमनीच्या आणि अरुंद झालेल्या धमनीच्या. संथ प्रवाहात फायब्रिन कमी पडेल असा तिचा अंदाज आहे. माझा अंदाज असा की अरुंद जागी पहिला थर तसाच बसेल, फक्त ढीग उंच होणार नाही. दोघींपैकी कुणाचं बरोबर निघतं ते तुला लिहीनच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी मैत्रीण